चौकच्या गच्चीवरचा वाढीव ओझोन

"तुमचं यंत्र बिघडलंय, नाहीतर तुम्ही. दोनातलं काय ते उद्यापर्यंत सांगा."

एवढं बोलून चिटणीससाहेबांनी फोन ठेवला. मी वाण्याच्या दुकानात उभी होते. चौक गावात तेव्हा फोन मोजकेच. त्यातला एक या दुकानात, साबणाच्या वड्यांमागे. वाणी माझ्याकडे बघत होता. फोनवरचा आवाज त्यालाही ऐकू गेला असणार, कारण साहेब फोनवर बोलत नसत, ओरडत.

"मॅडम, टेन्शन?" त्याने विचारलं.

"ओझोन वाढलाय," मी म्हटलं.

"मग चांगलंच की! पेपरात तर कमी होतोय म्हणून बोंब चाललीय."

त्याचं बरोबर होतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. ओझोनला भोक पडलंय हे सगळ्यांना माहीत होतं. मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. माझी नोकरी कसली ते कळल्यावर शेजारच्या शाहभाभींनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "वो छेद आपको दिखता है क्या?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला इंटरेस्टच संपला.

तर माझी नोकरी. मी एका संशोधन संस्थेत टेक्निकल असिस्टंट होते. संस्थेचं ऑफिस ठाण्याला, चिटणीससाहेब तिथले प्रमुख. संस्थेने एक प्रोजेक्ट घेतलं होतं. समुद्रकाठी एक केंद्र आणि घाटापलीकडे डोंगरावर एक केंद्र, दोन्हीकडे रोज ओझोन मोजायचा आणि ताडून बघायचा. डोंगरावरचं केंद्र जुनं होतं. तिथे पेठे नावाचे सीनियर ऑब्झर्व्हर कित्येक वर्षं मुक्काम ठोकून होते. समुद्राकाठचं नवीन केंद्र म्हणजे चौकचा कॅम्प, आणि कॅम्प म्हणजे मी. माझी पोस्ट या कॅम्पपुरतीच होती. कॅम्प चालू तर मी चालू. कॅम्प बंद पडला तर मी घरी बसणार. इतका साधा हिशोब होता.

कॅम्प हे नाव ऐकून कुणाला तंबू वगैरे आठवतील. तसलं काही नव्हतं. हिराबाय नावाच्या कोळी बाईंच्या घराची गच्ची आणि जिन्यावरची एक खोली आम्ही भाड्याने घेतली होती. गच्चीच्या उत्तरेकडचा कोपरा संस्थेचा. उरलेल्या गच्चीवर हिरामावशींचा जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळत असे. वर कावळ्यांसाठी जुनं जाळं अंथरलेलं. बोंबील खाली किनाऱ्यावर, बांबूंच्या मांडवांवर टांगलेले. मी संध्याकाळी बस पकडून भाईंदरला उतरेपर्यंत माझ्या आजूबाजूची सीट रिकामी राहायची. या नोकरीचा हा एक फायदा म्हणता येईल.

ओझोन मोजतात कसा, ते सांगते. फार सोपं आहे. सूर्याच्या प्रकाशात डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांच्या अनेक छटा असतात. त्यातली एक छटा ओझोन अगदी हावरटासारखी गिळतो. तिच्या शेजारच्या छटेला तो फारसा हात लावत नाही. आमचं यंत्र या दोन छटा पकडतं आणि दोघींची तुलना करतं. पहिली जितकी जास्त मार खाऊन आली तितका वर ओझोन जास्त. गंमत अशी की धूळ किंवा जाळ्याची सावली दोन्ही छटांना जवळपास सारखीच अडवते. त्यामुळे तुलनेत फारसा फरक पडत नाही. यंत्राला एक डायल असते. सुई शून्यावर येईपर्यंत डायल फिरवायची, डायलचा आकडा वहीत लिहायचा, मग तक्त्यांवरून आकडेमोड करून ओझोनचा आकडा काढायचा. म्हणजे आकडे दोन. एक डायलचा कच्चा आकडा, तो वहीत राहतो. दुसरा पक्का आकडा, तो ऑफिसला जातो. हे लक्षात असू द्या, पुढे यावरच सगळं घोडं अडलं.

पक्का आकडा थंडीच्या दिवसांत आमच्याकडे अडीचशेच्या आसपास असतो. त्या आठवड्यात सोमवारी तो दोनशे त्रेसष्ट आला. मंगळवारी दोनशे अठ्ठ्याहत्तर. बुधवारी दोनशे शहात्तर. मी संध्याकाळच्या फोनवर तिन्ही दिवस ते आकडे सांगितले आणि तिसऱ्या दिवशी साहेबांचा वरचा संवाद झाला.

आता साहेबांवर मी तेव्हा मनातून चिडले, पण तोंड उघडायची माझी टाप नव्हती. कारण यंत्र बिघडलं असण्याची दाट शक्यता होती, आणि ती शक्यता फक्त मला आणि हिरामावशींना माहीत होती.

झालं होतं असं. यंत्र म्हणजे माणसाच्या उंचीएवढी आडवी, जड पेटी. रोज सकाळी ती ट्रॉलीवर ढकलत गच्चीत न्यायची, दुपारी तीनचं रीडिंग झालं की परत खोलीत. शनिवारी तीनचं रीडिंग झालं आणि मी घाईत होते. लेकीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. ऋतुजा त्यात टोमॅटो होती. टोमॅटोला दोन वाक्यं होती आणि ती चुकली तर आईने समोर बसून ओठ हलवायचे, असं आमचं ठरलं होतं. मी ट्रॉली जोरात ढकलली. चाक उंबऱ्याला अडकलं आणि पेटी दाराच्या चौकटीवर धाडकन आदळली.

हिरामावशी जवळा गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली.

"फुटला काय गो?"

"नाही हो मावशी, काही नाही झालं."

"आवाज तं मोठा आला."

नियम असा होता की यंत्राला साधा धक्का जरी बसला तरी लॉगबुकात लिहायचं, ऑफिसला कळवायचं आणि लॅम्प टेस्ट होईपर्यंत रीडिंग घ्यायचं नाही. लॅम्प टेस्ट म्हणजे सूर्याऐवजी एका ठरलेल्या दिव्याचा प्रकाश यंत्रात सोडायचा. दिवा तोच, प्रकाश तोच, म्हणजे डायलही दर वेळी तीच यायला हवी. नाही आली तर यंत्रात खोट. पेठ्यांकडे त्यांचा वेगळा दिवा होता, माझ्या केंद्राचा ऑफिसात कपाटबंद असे. तो यायला आठवडा लागला असता. तेवढे दिवस रीडिंग बंद, त्यावर साहेबांचं लेक्चर. मी पेटी चारी बाजूंनी बघितली, कुठे पोचा नव्हता. लॉगबुक उघडलं, पेन काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. गॅदरिंगला वेळेवर पोचले. टोमॅटोने दोन्ही वाक्यं बरोबर म्हटली.

रविवारी सुट्टी. सोमवारपासून आकडे चढायला लागले. मी मनातून किती टरकले असेन ते सांगायला नको.

बुधवारी फोन झाल्यावर मी गच्चीवर येऊन बसले. हिरामावशी मोठ्या खुशीत होत्या. टोपलीत बोंबील घेऊन आल्या आणि एक माझ्यासमोर मोडून दाखवला. पापडासारखा तुटला.

"बघ गो बाय. तीन दिवसाचा काम एका दिवसात झाला. असा वारा वरसातून एकदा दोनदाच मिलतो. उत्तरेचा कोरा वारा हाय."

वारा खरंच झोंबत होता. सकाळी सिल्व्हर पार्कमध्ये माणसं स्वेटर, मफलर घालून दुधाच्या रांगेत उभी होती. आमच्याकडे तर स्वेटर माळ्यावरून काढावे लागले. पण माझं लक्ष तेव्हा वाऱ्याकडे नव्हतंच. मी मावशींना सांगून टाकलं, की शनिवारचा तो धक्का मी लिहिला नाही आणि आता नोकरी जाणार.

"मंग लिव आता," त्या म्हणाल्या.

"आता लिहून काय उपयोग? तेव्हा लिहायचं होतं."

"मंग नको लिवू. पण मना कोन विचारला तं मी खोटा बोलनार न्हाय. आवाज मोठा आला व्हता."

मावशींना कोणी काही विचारणार नव्हतं. तरी मी त्याच संध्याकाळी लॉगबुकात लिहिलं, "शनिवारी दुपारी यंत्र हलवताना चौकटीवर आदळले. नोंद आज केली." खाली सही आणि त्या दिवसाची तारीख. 

गुरुवारी साहेब स्वतः दिवा घेऊन निघाले. ठाण्याहून घोडबंदर रोडने येताना वरसाव्याला पुलाजवळ जीप पंक्चर झाली. साहेब पोचले तेव्हा बाराचं रीडिंग होऊन गेलं होतं आणि त्यांचा पारा दिव्यापेक्षा तापलेला होता. वर आल्याबरोबर त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"इथे सायन्स चालतं?"

"हो सर. तो कोपरा आपला."

त्यांनी लॉगबुक मागितलं. माझी नोंद वाचली. दोनदा वाचली. मी जाळ्याकडे बघत उभी राहिले.

"सावंतबाई, हे शनिवारी का नाही लिहिलं?"

"मुलीचं गॅदरिंग होतं सर."

"काय होती मुलगी?"

"टोमॅटो."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा त्यांनी ओरडलेलं परवडलं असतं. मग त्यांनी बाही सरसावली आणि दिवा जोडायला घेतला. चिटणीससाहेब तोंडाने फटकळ, पण हात सोन्याचा. यंत्र असं हाताळायचे की बघत राहावं. दिवा तापला, व्होल्टेज स्थिर झालं, साहेबांनी डायल फिरवली. आकडा लिहिला. पुन्हा फिरवली. मागच्या टेस्टचा कागद काढून शेजारी ठेवला. पाच वेळा टेस्ट केली. पाचही वेळा डायल जिथे यायला हवी तिथेच आली. धक्क्याने यंत्राचं काहीही वाकडं झालं नव्हतं.

मला इतकं हायसं वाटलं की मी खालच्या पायरीवर जाऊन पाणी प्यायले.

वर आले तर साहेब तीनचं रीडिंग स्वतः घेत होते. आकडेमोडही त्यांनीच केली. दोनशे एकाहत्तर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच राहिला.

"यंत्र ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्हीही ठीक आहात, लॉगबुक सोडलं तर. मग पेठ्यांकडे का वाढलेलं नाही?"

त्यांनी खिशातून कागद काढला. डोंगरावरच्या केंद्राचे आकडे होते. सोमवार ते बुधवार ओळीने अडीचशे, अडीचशे, अडीचशे.

"हे बघा. कसं सरळ आहे. त्यांचं केंद्र इथून काही विलायतेत नाही. वर आकाशात ओझोन वाढला असता तर तिथेही दिसला असता. म्हणजे गडबड वरती नाही, इथे खाली आहे. गंधकाचा वायू हवेत असला तर यंत्र फसतं, ओझोन जास्त दाखवतं. माहीत आहे ना?"

"हो सर. पण इथे गंधक कुठून येणार?"

साहेबांनी जवळ्याकडे बोट दाखवलं.

हिरामावशी जिन्यातच उभ्या होत्या. त्यांना गंधक कळलं नसेल, बोट बरोबर कळलं.

"ओ सायब, माझ्या जवल्याला नाव ठेवू नका. तुमची मशीन येन्याआदी पन जवला इथंच व्हता. मंग तवा का न्हाय फसली तुमची मशीन?"

"तेव्हा मशीनच नव्हती, बाई."

"मंग दोन महिन्यांपासून हाय ना? दोन महिने जवला काय सुटीवर गेलता?"

मुद्दा बिनतोड होता. पण मुद्दा हरला म्हणून साहेब माघार घेणाऱ्यांतले नव्हते. जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "जागा चुकली. सोमवारी रिपोर्ट जातोय. त्यात मी या साइटला डाउटफुल लिहिणार आहे. उद्या ऑफिसला या, रिपोर्ट जाण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेतो."

डाउटफुल लिहिलं की कॅम्प बंद. त्या दिवशी भाईंदरला बसमधून उतरताना मला वासाचंसुद्धा भान नव्हतं. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दुसरी मिळेल." नवरे असंच म्हणतात. मला दुसरी नको होती. ते यंत्र, ती गच्ची आणि सुई शून्यावर आल्यावर पोटात होणारी ती गंमत, हे मला दुसरीकडे कुठे मिळणार होतं? मला त्या रात्री रडू आलं, हे त्यालाही मी कधी सांगितलं नाही.

शुक्रवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये जायच्या आधी नायरच्या टेबलाशी गेले. नायर आमच्याकडे हवेचे नकाशे वाचायचा. त्याच्या टेबलावर चहाचे डाग पडलेले नकाशे कायम पसरलेले असत. त्याला मी सगळं सांगितलं. बोंबील एका दिवसात वाळला हेही सांगितलं, का ते मला माहीत नाही.

नायर हसायचा थांबला. "कोणत्या दिवशी वाळला?"

"मंगळवार-बुधवार."

त्याने गठ्ठ्यातून मंगळवारचा नकाशा ओढला. जमिनीवरचा नव्हे, वरचा. बारा किलोमीटर उंचीवरचे वारे दाखवणारा. "अलका, ये देखो. ये क्या है?"

नकाशावर वाऱ्यांच्या रेषा पश्चिमेकडून पूर्वेकडे जात होत्या. हिवाळ्यात हे वारे उत्तर हिंदुस्थानावरून वाहतात. ते सरळ रेषेत जात नाहीत, लाटा घेत जातात. लाटेचा खालचा झोळ म्हणजे ट्रफ. बहुतेक वेळा हा झोळ काश्मीर-पंजाबवर असतो आणि तिकडे पाऊस, बर्फ पाडून निघून जातो. मंगळवारच्या नकाशावर तो झोळ राजस्थान ओलांडून, गुजरात ओलांडून थेट उत्तर कोकणापर्यंत लोंबत होता.

आता यात ओझोनचा काय संबंध? आहे. आणि मोठा मजेशीर आहे. ओझोन तयार होतो तो जास्त करून आमच्यासारख्या उष्ण भागांच्या डोक्यावर, खूप उंचीवर, कारण सूर्य इथे कडक. पण तो इथे थांबत नाही. वरचे वारे त्याला ध्रुवांच्या दिशेने वाहून नेतात आणि साठा तिकडे होतो. म्हणजे कारखाना आपल्याकडे आणि गोडाऊन उत्तरेला. ट्रफ खाली लोंबला की त्या गोडाऊनमधला माल थोडा दक्षिणेकडे सांडतो. शिवाय ट्रफच्या थंड हवेवर आपल्या ढगावाऱ्याच्या थराचं छत खाली येतं. छत खाली आलं की त्यावर ओझोनला जागा जास्त मिळते. ट्रफऐवजी वरती उंचवटा असला की बरोबर उलटं, छत वर सरकतं आणि ओझोन पातळ होतो. एकूण ओझोन काही वाढत नाही की घटत नाही. फक्त जागा बदलतो. आणि तोच झोळ मागे उत्तरेचा कोरडा वारा सोडून जातो. स्वेटर माळ्यावरून निघतात, बोंबील कुरकुरीत होतात.

"म्हणजे माझे आकडे बरोबर आहेत?"

"मंडे को थोडा, ट्यूसडे को पूरा. एकदम नकाशाबरहुकूम," नायर म्हणाला. त्याचं मराठी असं मधेच कोर्टकचेरीतलं निघायचं.

आम्ही दोघं नकाशा घेऊन केबिनमध्ये शिरलो. साहेबांनी नकाशा नीट बघितला. त्यांना नकाशे कळत होते, ते काही अडाणी नव्हते.

"ट्रफ आहे, कबूल," ते म्हणाले. "मोठा आहे, तेही कबूल. पण मग पेठे या ट्रफच्या बाहेर आहेत का? त्यांच्याही डोक्यावरून गेलाय. त्यांचा आकडा अडीचशे. पेठे नोकरीला लागले तेव्हा तुम्ही दोघं शाळेत होतात. मी पेठ्यांवर विश्वास ठेवू की बोंबलावर?"

मी त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघत होते. आदल्या दिवशी गच्चीवरही तो बघितला होता, पण तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. अडीचशे, अडीचशे, अडीचशे. दोन महिने मी रोज तीनदा डायल फिरवत होते. हवा कितीही शांत असली तरी आकडा एक-दोन युनिट इकडेतिकडे होतोच. आज अडीचशे, उद्या दोनशे अठ्ठेचाळीस, परवा एक्कावन्न. लागोपाठ तीन दिवस तोच आकडा मला एकदाही मिळाला नव्हता.

"सर, पेठेकाकांना डायल विचारू या," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"पक्का आकडा नको. वहीतला कच्चा विचारू. गणित आपण इथे करू."

साहेबांनी फोन लावला. लाइन लागायला वीस मिनिटं गेली. तोवर केबिनमध्ये आम्ही तिघं छताचा पंखा बघत बसलो होतो.

पेठे आले फोनवर. साहेबांनी मंगळवारची डायल विचारली. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. पेठ्यांनी तिन्ही दिवसांच्या डायल सांगितल्या, वेळेसकट, तापमानासकट. मी तक्ते घेऊन आकडेमोड केली. साहेबांनी माझ्या हातून कागद घेऊन पुन्हा केली. मंगळवार, दोनशे चौऱ्याहत्तर.

"पेठे," साहेबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "मंगळवारी तुम्हाला दोनशे चौऱ्याहत्तर मिळाले?"

"हो साहेब." पेठ्यांचा आवाज रिसीव्हरबाहेर आम्हालाही ऐकू येत होता.

"मग फॉर्मवर अडीचशे का?"

"साहेब, तुमचं सर्क्युलर आहे ना. सरासरीपासून फार लांब गेलं तर यंत्राचा दोष समजावा आणि आदला चांगला आकडा कायम ठेवावा."

"कुठलं सर्क्युलर?"

पेठ्यांनी जावक क्रमांक सांगितला. पाठच होता त्यांना. साहेबांनी फाइल मागवली. सर्क्युलर निघालं. बरीच वर्षं जुनं. तेव्हा डोंगरावरचं यंत्र खरंच नादुरुस्त होतं, दुरुस्त होईपर्यंतची ती सोय होती. यंत्र दुरुस्त झालं. सर्क्युलर मागे घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. खाली सही चिटणीससाहेबांची होती, अगदी सुवाच्य. माझं केंद्र नवीन, त्यामुळे ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पोचलं असतं तर मीही आज्ञाधारकपणे अडीचशे, अडीचशे लिहीत बसले असते, आणि साहेबांनी मला शाबासकी दिली असती.

साहेबांनी फाइल मिटली. मग एकदम उठले आणि कपाटातून डोंगरावरच्या केंद्राचे जुने फॉर्म काढायला लागले. हिवाळ्यामागून हिवाळे. मधेच कुठे आकडा चढायला लागला, की तिथून पुढचे दोन-तीन दिवस एकच आकडा. चढ नाहीच. एवढी वर्षं आमच्या संस्थेच्या हिशेबी उत्तरेकडचा एकही झोळ घाटापलीकडे कधी आलाच नव्हता. साहेबांनी त्या फॉर्मवरून एक पेपरही लिहिला होता, की आमच्याकडचा हिवाळी ओझोन किती स्थिर असतो म्हणून. ते त्यांनीच आम्हाला सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, आणि म्हणूनच त्या दिवसापासून माझा त्यांच्यावरचा राग गेला.

त्या दुपारी साहेबांनी तीन कागदांवर सह्या केल्या. पहिला, ते सर्क्युलर रद्द. दुसरा, चौक साइट सॅटिसफॅक्टरी, कॅम्प आणखी दोन वर्षं चालू ठेवावा. तिसरा मला मेमो, लॉगबुकात धक्क्याची नोंद उशिरा केल्याबद्दल.

"सर, मेमो पण?"

"का? धक्का खरा नव्हता का?"

मेमो घेऊन मी चौकला गेले. हिरामावशींना सांगितलं की कॅम्प राहिला. त्या म्हणाल्या, "तुझ्या सायबाला सांग, गच्चीचा जवल्याचा भाग आता मोठा करनार हाय मी." आणि केला.

पेठ्यांचं काय झालं ते सांगते. साहेबांनी त्यांना फोनवर एवढंच म्हटलं, जमतील तेवढ्या जुन्या कच्च्या वह्या पाठवा. अपेक्षा कोणाचीच नव्हती. पक्का आकडा गेला की कच्च्या वह्या रद्दीत जातात, आमच्याकडेही जात. दहा दिवसांनी एक पत्र्याची ट्रंक आली. त्यात सगळ्या वह्या होत्या, त्यांच्या पहिल्या दिवसापासूनच्या. वर्षवार, खाकी कव्हरं घातलेल्या. ज्या ज्या दिवशी फॉर्मवर आदला आकडा टाकावा लागला, त्या त्या पानावर समासात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "आज मिळालेले वाचन बरोबर आहे. यंत्र तपासले." काही पानांवर आणखी थोडं. "कडाक्याची थंडी." "पाण्याच्या पिंपावर हात ठरेना." एका पानावर, "दिवा लावून दोनदा पाहिले. बरोबरच आहे."

मी फोनवर त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला माहीत होतं तर इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"अगं, कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले. "फॉर्ममध्ये शेऱ्याचा रकानाच नव्हता."

पुढे अनेक वर्षं मी निरनिराळ्या केंद्रांचे फॉर्म तपासले. आकडा पाठवणाऱ्याकडून मी आकडा घेते, पण त्याआधी त्याची वही मागते. आणि वहीत मी पहिल्यांदा समास वाचते.